वाचनाची रोजकीर्द

नवे वर्ष उजाडले की संकल्पांना ऊत येतो. पहाटे उठणे, व्यायाम करणे, दैनंदिनी लिहिणे या जुन्या संकल्पांच्या जोडीला ‘यंदा इतकी पुस्तके वाचीन’ हा संकल्पही आता विद्यार्थ्यांत चांगला रुळला आहे. कोणी बारा म्हणतो, कोणी चोवीस, तर कोणी धाडसाने पन्नासाचा आकडा सांगतो. संकल्प चांगलाच आहे. वाचनाला वेळ मिळत नाही असे म्हणत वर्षे घालविण्यापेक्षा काहीतरी ठरविणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु फेब्रुवारी उलटला, सत्रपरीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागले की यातील बहुतेक संकल्प कुठे जातात ते संकल्प करणारालाही कळत नाही. कारण संकल्पाचा आकडा सर्वांना पाठ असतो, हिशेब मात्र कोणीच ठेवलेला नसतो.

या लेखात मला त्या हिशेबाविषयी लिहावयाचे आहे. मी वाणिज्य शाखेचा अध्यापक. रोजकीर्द, खतावणी, तेरीजपत्रक आणि ताळेबंद हे शब्द मी वर्गातील फळ्यावर वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे. त्याच पद्धतीने मी माझ्या वाचनाचीही वही ठेवतो, आणि आमच्या वाचन मंडळात येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ती ठेवावयास सांगतो. या वह्या पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. वाचन कोणत्या मापाने मोजायचे हे आपण जसे ठरवितो, तसे आपले वाचन वळत जाते. म्हणून आकडा ठरविण्यापूर्वी माप ठरविले पाहिजे.

१. ही पद्धत नवी नाही

वाचनाची नोंद ठेवणे ही काही मोबाइलच्या युगातील कल्पना नव्हे. आपल्याकडील पारायणाची पद्धत घ्या. सात दिवसांत ग्रंथ पुरा करावयाचा तर कोणत्या दिवशी कुठवर यावयाचे, हे आधीच ठरलेले असते. ‘दासबोधा’ची रचनाच पाहा. वीस दशके, प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे एकूण दोनशे समास. रोज एक समास वाचला तर दोनशे दिवसांत ग्रंथ पुरा होतो आणि आजारपण, प्रवास, परीक्षा यांसाठी वर्षातील एकशे पासष्ट दिवस हाती उरतात. गीतेचे सातशे श्लोक रोज दोन याप्रमाणे साडेतीनशे दिवसांत होतात. जुन्या वाचकाला ‘वार्षिक उद्दिष्ट’ हा शब्द ठाऊक नव्हता, पण रोजचा वाटा ठाऊक होता.

थोरामोठ्यांची उदाहरणेही आहेत. गांधीजींना मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटका होईपर्यंत येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी विपुल वाचन केले, आणि कोणते पुस्तक केव्हा वाचून संपले याच्या नोंदी आपल्या तुरुंगातील दैनंदिनीत ठेवल्या. याच काळात ते उर्दू आणि तमिळ या भाषांचाही अभ्यास करीत होते.

चार्ल्स डार्विन यांनी १८३८ पासून १८६० पर्यंत वाचनाच्या वह्या ठेवल्या होत्या. त्यांत वाचावयाच्या पुस्तकांची एक यादी आणि वाचून झालेल्या पुस्तकांची दुसरी, अशी विभागणी होती. १८३८ च्या ऑक्टोबरात आपण माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचला आणि त्यातून आपल्याला नैसर्गिक निवडीच्या सिद्धान्ताची दिशा मिळाली, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. त्या वर्षी डार्विन यांनी एकूण किती पुस्तके वाचली, हे आज कोणी विचारीत नाही. एका पुस्तकाने काय केले, हेच सारे विचारतात. हिशेब ठेवताना ही गोष्ट विसरू नये.

२. पहिले माप : पुस्तकांची संख्या

सर्वांत सोपे माप पुस्तकांच्या संख्येचे. गुडरीड्स या संकेतस्थळाने २०११ पासून वार्षिक वाचनाचे आव्हान सुरू केले. वाचकाने वर्षारंभी आकडा सांगावयाचा आणि एकेक पुस्तक संपले की नोंदवावयाचे. ठरलेल्या वेगाच्या तुम्ही किती पुस्तके पुढे आहात वा मागे आहात, हेही ते दाखविते. जगभरच्या असंख्य वाचकांना त्यामुळे हुरूप आला, हे मान्य केले पाहिजे.

पण या मापात एक खोट आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ या दोन्हींची नोंद तेथे ‘एक’ अशीच होते. पहिली कादंबरी लहानशी, दुसरी जाडजूड. ज्याला चोवीसचा आकडा गाठावयाचा आहे, त्याचा हात ग्रंथालयाच्या कपाटापाशी आपोआप बारीक पुस्तकाकडे वळतो. बारीक पुस्तक हलके असते असे मुळीच नाही. विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ पाने थोडी असूनही किती भारी आहे, हे वाचणारांना ठाऊक आहे. प्रश्न एवढाच की निवड आपण केली, की आकड्याने?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नवे वाटणार नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले, ते पुढे त्यांच्या नावानेच ओळखले जाऊ लागले. त्याचा आशय असा, की एखादे मोजमाप धोरणाचे लक्ष्य बनविले की ते पूर्वीसारखे विश्वासार्ह राहत नाही. लोक मूळ गोष्ट सोडून मापाच्या मागे लागतात. परीक्षेतील गुणांचे काय झाले ते आपण पाहतोच. वाचनाचेही तसेच होऊ शकते.

३. दुसरे माप : पाने

म्हणून काही जण पाने मोजतात. हे माप पहिल्यापेक्षा बरे. द्वितीय वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीची वही तिच्या परवानगीने येथे उदाहरणादाखल घेतो. तिने वर्षाला चोवीस पुस्तकांचा संकल्प केला होता. जूनअखेर सात पुस्तके पुरी झाली होती. ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, चोवीसातली सातच झाली. म्हणजे नापासच की!”

मी म्हटले, “अगं, आधी पाने तर मांड.”

तिने पाने मांडली. सात पुस्तकांची मिळून सोळाशे पाने होती. शिवाय एक मोठी कादंबरी अर्धवट वाचून झाली होती, तिची तीनशे. एकूण एकोणीसशे. पुस्तक सरासरी दोनशे पानांचे धरले तर चोवीस पुस्तकांची होतात चार हजार आठशे पाने. म्हणजे संख्येने तिचे काम शेकडा एकोणतीस झाले होते, पण पानांनी शेकडा चाळीस. तिच्याच वर्गातील एका मुलाची बारा पुस्तके झाली होती, म्हणून तो खुशीत होता. त्याची पाने भरली एक हजार पन्नास. संख्येच्या वहीत तो पुढे आणि ती मागे. पानांच्या वहीत नेमके उलटे.

पण पाने हे मापही निर्दोष नाही. छपाईचा टाइप लहानमोठा असतो. मोबाइलवर किंवा वाचनयंत्रावर वाचताना अक्षर मोठे केले की पानांची संख्या वाढते. ऐकण्याच्या पुस्तकाला तर पानेच नसतात. शिवाय सर्व पाने सारख्या मोलाची कुठे असतात? जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’तील एखादी कथा वाचून झाल्यावर लगेच पुढचे पान उलटवत नाही, थोडा वेळ पुस्तक मिटून बसावे लागते. कवितासंग्रहाचे तर बोलूच नये. नव्वद पानांचा संग्रह तासाभरात ‘संपविणारा’ वाचक कवितेपर्यंत पोहोचलाच नाही, असे समजावे. पानांचे माप आपल्याला अवघड पानांपासून सोप्या पानांकडे ढकलते. पुस्तकांचे माप जाडीला भिते, पानांचे माप खोलीला भिते.

४. तिसरे माप : वेळ

यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. वाचनाचा वेळ मोजावा. अर्धा तास म्हणजे अर्धा तास; तो सोप्या पुस्तकाचा असो की कठीण पुस्तकाचा, छापील असो की पडद्यावरचा. त्या वेळात पंधरा पाने झाली काय आणि तीन झाली काय, वहीत दोन्हींचा मान सारखाच. त्यामुळे कठीण पुस्तक उचलण्याची भीती राहत नाही.

उद्दिष्टही मग आकांक्षेतून न ठरता उपलब्ध वेळातून ठरते. हिशेब करून पाहू. वर्षाचे दिवस ३६५. दोन्ही सत्रपरीक्षांचे मिळून तीन महिने, म्हणजे ९० दिवस वजा करा. उरले २७५. रोज तीस मिनिटे धरली तर ८,२५० मिनिटे, म्हणजे सुमारे साडेसदतीस तास कमी पावणेदोनशे असा घोळ न घालता सरळ सांगायचे तर १३७ तास ३० मिनिटे. आपल्या मातृभाषेतील साध्या गद्याचे एक पान दोन मिनिटांत होते असे धरले, तर या वेळात ४,१२५ पाने, म्हणजे दोनशे पानांची वीस पुस्तके होतात. तुमचा स्वतःचा वेग किती, हे दहा मिनिटे घड्याळ लावून वाचले की कळेल. दुसऱ्याचा वेग उसना घेऊ नये.

याउलट ज्याने आधीच ‘चोवीस पुस्तके’ असे ठरविले आहे, त्याने उलट दिशेने हिशेब करावा. ४,८०० पाने, म्हणजे ९,६०० मिनिटे. ती २७५ दिवसांत वाटली तर रोज सुमारे पस्तीस मिनिटे. एवढा वेळ आपल्याजवळ आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहावे. बसने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला तो बसमध्ये सापडतो; वसतिगृहातील विद्यार्थ्याला रात्रीच्या जेवणानंतर. ज्याला सापडत नाही, त्याने आकडा कमी करावा. त्यात कमीपणा काही नाही.

वेळेच्या मापालाही अर्थात पळवाट आहे. पुस्तक उघडे ठेवून खिडकीबाहेर पाहत बसले तरी तीस मिनिटे होतात. ती पळवाट बंद करण्यासाठी वहीत एक रकाना अधिक लागतो, त्याविषयी आता सांगतो.

५. वहीची मांडणी

दोनशे पानांची साधी रेघी वही घ्यावी. मोबाइलमध्ये नोंद ठेवली तरी हरकत नाही. पण नोंद करण्यासाठी उघडलेला मोबाइल लवकर खाली ठेवला जात नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.

वहीचा पहिला भाग रोजकीर्दीचा. व्यापारी जसा दिवसाचा व्यवहार त्याच दिवशी कीर्दीत मांडतो, तशी ही नोंद त्याच दिवशी करावयाची. रकाने पाच : तारीख, पुस्तक व लेखक, भाषा, मिनिटे, आणि एक ओळ. ही शेवटची ओळ म्हणजेच वर सांगितलेला जादा रकाना. त्या दिवशी वाचलेल्या भागाविषयी एक वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहावयाचे. ‘छान’, ‘उत्तम’, ‘कंटाळवाणे’ हे शब्द त्यात चालणार नाहीत. मलपृष्ठावरील मजकूर उतरविणेही चालणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझ्या वहीत एक ओळ आहे : ‘स्वतःची फजिती सांगतानाही बाईंचा आवाज चढत नाही.’ ही काही समीक्षा नव्हे. पण ती ओळ वाचली की त्या दिवशीचे वाचन माझ्या डोळ्यांपुढे येते. ज्या दिवशी एक ओळही सुचत नाही, त्या दिवशी मिनिटांच्या रकान्यात शून्य मांडावे, मग घड्याळ काहीही म्हणो.

दुसरा भाग खतावणीचा. रोजकीर्दीतील नोंदी महिन्याच्या शेवटी निरनिराळ्या खात्यांवर चढवावयाच्या. कथा-कादंबरी, कविता, नाटक, चरित्र-आत्मचरित्र, विचारपर व शास्त्रीय पुस्तके अशी प्रकारांची खाती; आणि त्यांच्याच शेजारी भाषांची खाती. वीस मिनिटांचे हे काम आहे. ग्रंथालयाच्या पुस्तकामागे चिकटवलेला तारखांचा कागद या कामी मोठा उपयोगी पडतो. पुस्तक कधी आणले आणि कधी परत केले हे त्यावर शिक्क्यानिशी दिसते.

काही शंका विद्यार्थी नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथेच देतो. पाठ्यपुस्तक मोजावे का? नाही, ते वाचणे आपल्याला भागच आहे. मात्र पाठ्यपुस्तकाच्या निमित्ताने त्याच विषयावरील दुसरे पुस्तक वाचले तर जरूर मोजावे. पूर्वी वाचलेले पुन्हा वाचले तर? अवश्य मोजावे, चांगले पुस्तक दुसऱ्या वाचनात दुसरे होते. अर्धवट सोडलेले? त्याचाही वेळ मांडावा, कारण तो खर्च झालेला आहे. अशा पुस्तकांसाठी वहीच्या शेवटी एक पान राखावे आणि कोणत्या पानावर व कशासाठी सोडले ते लिहावे. व्यापारी बुडीत कर्जही वहीत दाखवितो, लपवीत नाही. आणि वर्ष कोणते धरावे? पाडव्याला आरंभ करणे मनाला बरे वाटते, शिवाय आपला पाडवा तीच आपल्या कन्नड मित्रांची युगादी. पण पाडव्यापासून पाडव्यापर्यंत कधी सुमारे ३५४ दिवस, तर अधिक मास आला की सुमारे ३८४ दिवस. हिशेबाच्या सोयीसाठी जानेवारी ते डिसेंबर हेच वर्ष बरे.

६. मागे पडलो तर

जवळजवळ प्रत्येक वहीत जूनच्या सुमारास तूट दिसते. ती पाहून वही बंद करणारेच अधिक. म्हणून तूट कशी वाचावी हे शिकणे महत्त्वाचे.

समजा, उद्दिष्ट ८,२५० मिनिटांचे आहे. जूनअखेर वर्षाचे १८१ दिवस होतात. त्यांतील परीक्षेचे ४५ वजा केले की वाचनाचे दिवस १३६, आणि अपेक्षित वाचन ४,०८० मिनिटे. वहीत मात्र ३,२०० मिनिटेच जमा आहेत. तूट ८८० मिनिटांची, म्हणजे जवळजवळ पंधरा तासांची. आकडा ऐकून छाती दडपते. आता पुढे पाहा. वर्षाचे उरलेले दिवस १८४, त्यांतून परीक्षेचे ४५ गेले की १३९. उरलेले वाचन ५,०५० मिनिटे. भागाकार केला तर रोज ३६ मिनिटांहून किंचित अधिक. म्हणजे तीसच्या जागी छत्तीस-सदतीस मिनिटे! पंधरा तासांचा डोंगर दिवसाला सहा-सात मिनिटांचा निघाला. चहाच्या टपरीवर आपण याहून अधिक वेळ उभे असतो.

मात्र भागाकार करून रोजचा तास-दीड तास येऊ लागला, तर ओढाताण करू नये. उद्दिष्ट कमी करावे. पण वहीतील जुना आकडा खोडू नये. हिशेबात खाडाखोड चालत नाही; दुरुस्तीची नोंद करावी लागते. तारीख घालून लिहावे : ‘घरातील आजारपणामुळे उद्दिष्ट इतक्यावरून इतक्यावर आणले.’ वर्षभराने ती नोंद वाचताना आपले वर्ष कसे गेले, हे कळते. नुसती खाडाखोड काहीच सांगत नाही.

आणखी एक पथ्य आहे. ही वही दुसऱ्याच्या वहीशी लावून पाहू नये. वाचन मंडळात आम्ही आकड्यांची चढाओढ होऊ देत नाही. ज्याला आपल्या वाचनाविषयी बोलावयाचे असेल त्याने ‘एक ओळ’ वाचून दाखवावी, मिनिटे सांगू नयेत.

७. भाषांची खाती

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा प्रपंच मांडला, तिच्याकडे येतो. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने जूनअखेर भाषांच्या खात्यांवर पाने चढविली तेव्हा चित्र असे दिसले : मराठी १,२५०, इंग्रजी ६५०, कन्नड शून्य. ती बेळगावातच जन्मलेली. शाळेत कन्नड शिकलेली. शेजार कन्नड, मैत्रिणींत निम्म्या कन्नड, बाजारात बोलणे कन्नडमध्ये. लिपी वाचता येते, पण वेग फारच मंद. मी तिला विचारले तेव्हा तिने दिलेले उत्तर मला मोलाचे वाटले. ती म्हणाली, “सर, तेवढ्या वेळात मराठीची पंधरा पाने होतात. कन्नड घेतलं की वहीत तीनच दिसतात.”

माप वाचनाला कसे वळविते ते येथे स्पष्ट दिसते. तिचा कन्नडला विरोध नव्हता, आळसही नव्हता. पानांची वही तिला कन्नड वाचल्याबद्दल जणू दंड करीत होती! जुलैपासून तिने वहीचे माप बदलले. पानांऐवजी मिनिटे आली. रोज वीस मिनिटे कन्नडला राखली आणि यू. आर. अनंतमूर्ती यांची १९६५ ची कादंबरी ‘संस्कार’ मुळातून वाचावयास घेतली. रोज तीन पाने, कधी दोनच. शब्द अडला तर शेजारी विचारावयाचा. दीड-दोन महिन्यांत कादंबरी पुरी झाली. तिच्या वहीत एका दिवशीची ओळ अशी आहे : ‘अग्रहारात प्रेत पडून आहे, आणि पोथीत उत्तर सापडत नाही.’

डिसेंबरअखेर तिची एकूण पुस्तके झाली पंधरा. संख्येच्या वहीत नऊ पुस्तकांची तूट. परंतु त्या पंधरांत एक पुस्तक असे होते, की जे संख्येच्या वा पानांच्या हिशेबात तिने कधीच उचलले नसते.

ही गोष्ट एका मुलीपुरती नाही. आपल्यापैकी अनेक जण पदवीचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून घेतात. तीन वर्षांत मराठीचे एकही पान न वाचता पदवीधर होणे आज सहज शक्य आहे, आणि कन्नड विभागातील मित्रांच्या बाबतीतही हेच खरे आहे. बोलता येते म्हणून भाषा शाबूत आहे असे आपण समजतो. वाचनाचे खाते रिकामे पडत चालले आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण ते खाते कोणी उघडलेलेच नसते. वहीत ते उघडले की महिन्याच्या शेवटी शून्य दिसते, आणि शून्य दिसल्यावाचून माणूस हालचाल करीत नाही.

या भागात तर दोन्ही खाती एकमेकांशेजारी ठेवण्याजोगी आहेत. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलणारे. ते कन्नडचे थोर कवी झाले, त्यांच्या ‘नाकु तंति’ या संग्रहाला १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी मराठीतही लेखन केले. मराठीचे श्रेष्ठ कथाकार जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडला राहून इंग्रजीचे अध्यापन केले. पुस्तकांच्या जोड्याही लावता येतील. वि. स. खांडेकरांची कादंबरी ‘ययाति’ १९५९ ची, गिरीश कर्नाड यांचे कन्नड नाटक ‘ययाति’ १९६१ चे. एकच पुराणकथा, दोन भाषा, दोन पिढ्या. इरावती कर्वे यांचे ‘युगांत’ १९६७ चे, एस. एल. भैरप्पा यांची कन्नड कादंबरी ‘पर्व’ १९७९ ची. दोघांनीही महाभारतातील माणसांकडे माणसे म्हणून पाहिले. ज्याला कन्नड मुळातून झेपत नाही, त्याच्यासाठी ‘पर्व’ मराठीत उमा कुलकर्णी यांच्या अनुवादाने उपलब्ध आहे. एका वर्षात अशी एक जोडी वाचली, तरी भाषांच्या खात्यांना अर्थ आला.

८. वर्षाचा ताळेबंद

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तासभर काढून ताळेबंद मांडावा. प्रथम बेरजा : एकूण तास, पुरी झालेली पुस्तके, सोडलेली पुस्तके, प्रकारवार व भाषावार वाटणी. हे काम यांत्रिक आहे. त्याखाली तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. या वर्षीचे कोणते पुस्तक दुसऱ्याला हातात देऊन ‘वाच’ असे सांगावेसे वाटते? कोणते खाते रिकामे राहिले? आणि वर्षभरातील ‘एक ओळ’ या रकान्यातील कोणती ओळ आजही आपल्याला पटत नाही, तिच्याशी वाद घालावासा वाटतो? शेवटचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. जानेवारीतील स्वतःशी डिसेंबरमध्ये मतभेद झाला, तर वर्षभराच्या वाचनाने काहीतरी केले असे खुशाल समजावे.

पुढील वर्षाचे उद्दिष्ट याच ताळेबंदावरून ठरवावे. रिकामे राहिलेले एक खाते निवडून त्याला दिवसाची दहा मिनिटे आधीच तोडून द्यावीत. वाचनाच्या २७५ दिवसांत ती २,७५० मिनिटे होतात, म्हणजे जवळजवळ शेहेचाळीस तास. एवढ्या वेळात परक्या लिपीतील एखादे लहान पुस्तक निश्चित पुरे होते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वर्षाचा कोणताही महिना चालू असो, जानेवारीची वाट पाहू नका. व्यापारी वर्षाच्या मध्यावरही दुकान काढतो आणि त्याच दिवशी कीर्द लिहावयास घेतो. आज रात्री पाच रकाने आखा, जे पुस्तक हाताशी असेल ते तीस मिनिटे वाचा आणि एक ओळ लिहा. आणि या अंकातील जो विभाग तुमच्या भाषेचा नाही, त्यातील एक लेख या आठवड्यात वाचावयास घ्या. किती वेळ लागला ते मिनिटांच्या रकान्यात मांडा; पाने मोजू नका.